काळा शर्ट आणि लाल-पिवळी फीत

१ नोव्हेंबर, रात्री

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. ऑक्टोबर संपत आला की घरात असं होतंच, पण यंदाचं कारण वेगळं आहे म्हणून लिहून ठेवते.

आज सकाळी बाबा काळा शर्ट घालून सायकल फेरीला गेले. मी कर्नाटक राज्योत्सवाच्या ध्वजवंदनाला. १९५६ साली याच दिवशी बेळगाव त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेलं, म्हणून बाबांचा काळा दिन. मी कर्नाटक सरकारची नोकर, म्हणून माझी हजेरी. आई पहाटेच इस्त्री घेऊन बसली होती. आधी बाबांचा शर्ट, मग माझी साडी. मी म्हटलं, माझी मी करते. तर म्हणाली, "ठेव तिथं, मी करतो." शर्टाची कॉलर तिने उलटून पुन्हा दाबली. तो शर्ट वर्षातून एकदाच निघतो आणि कॉलर दर वेळी वाकडी झालेली असते. कर्नाटकाच्या झेंड्याची लाल-पिवळी फीत मी घरात लावली नाही. पर्समध्ये टाकली आणि बसमधून उतरल्यावर लावली. हे बाबांना दिसलंही नसेल.

नोकरी लागली तेव्हाही ते फार काही बोलले नव्हते. मी मराठी शाळेत शिकले, तो त्यांचाच हट्ट होता आणि तो बरोबर होता असं मला आजही वाटतं. कन्नड मी नंतर शिकले, स्पर्धा परीक्षेसाठी, रात्री जागून. नेमणुकीचं पत्र त्यांच्या हातात दिलं. ते कन्नडमध्ये होतं. त्यांनी खालीवर बघितलं, घडी घातली आणि म्हणाले, "आईला दाखव."

१९८६ च्या १ जूनला कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात गोळीबार झाला तेव्हा बाबा आयटीआयला होते. आपल्याच वयाची पोरं गेलेली त्यांनी बघितली. दर वर्षी हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर जाऊन आले की त्या दिवशी जेवत नाहीत. हे मला कळतं. मला त्यांचा लढा खोटा वाटत नाही, कधीच वाटला नाही. पण त्या लढ्याचा खर्च कुठून निघाला, हे आमच्या घरात कुणी बोलत नाही.

उद्यमबागेत टर्नर म्हणून काम. कोर्टाची तारीख आली की खाडा. खाड्याचे पैसे कापून पगार यायचा आणि आई त्यातून महिना काढायची. २००४ साली महाराष्ट्राने सीमाभागासाठी सुप्रीम कोर्टात दावा घातला तेव्हा मी दुसरीत होते. त्यानंतर घरातली प्रत्येक गोष्ट निकालाला टांगली गेली. मागची भिंत ओल धरते? निकाल लागू दे. जागा घ्यायची का? निकाल लागू दे, मग बघू. अजून तो दावा चालूच आहे आणि भिंत दर पावसात पाझरते. २०१४ च्या जुलैत येळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य' फलक पाडला, गावात लाठ्या चालल्या, तेव्हा बाबा कित्येक दिवस तिकडेच. माझ्या कॉलेजच्या फीची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. आईने मामाकडून उसने आणले. बाबांनी पुढेही कधी विचारलं नाही की फी कुणी भरली.

आता यंदाचं. गेल्या आठवड्यात कचेरीत एक आजी आली, खेड्यातली. संध्या सुरक्षेच्या, म्हणजे म्हाताऱ्यांच्या पेन्शनच्या पगारासाठी. अर्ज कन्नडमध्ये, तिला अक्षर लागत नाही, खिडकीवरचा माणूस म्हणतो भरून आणा. बाहेरचे एजंट भरून द्यायचे पैसे घेतात. मी जेवणाच्या सुट्टीत बाकावर बसून तिचा अर्ज भरला. असे मी बरेच भरते. घरी सहज सांगितलं, तर बाबा ताटावरून उठले.

"तुम्ही असं भरून देताय म्हणून ते मराठीत छापत न्हाईत," म्हणाले. "अडलं पाहिजे त्यांचं. अडल्याशिवाय सरकार हलत नसतंय."

मी म्हटलं, "बाबा, सरकारचं काही अडत नाही. त्या आजीचा पगार अडतो."

त्यावर काही नाही. तेव्हापासून बोलणं बंद.

मला ते वाक्य सोडत नाही, कारण ते चूक नाही. माझ्यासारख्या लोकांनी गुपचूप काम उरकून दिलं तर खिडकीवर तक्रार कधी पोहोचणारच नाही. पण लढा ज्यांच्यासाठी, त्यांच्यातल्या म्हाताऱ्या बाईने उपाशी राहून तो पुढे न्यावा, हे मला मान्य नाही. माझ्या आईने असंच पुढे नेलंय. तिचं नाव कुठल्या खटल्यात नाही आणि कुठल्या सत्काराच्या यादीतही नाही.

२ नोव्हेंबर

काल एक लिहायचं राहिलं. घटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे कुणालाही आपलं गाऱ्हाणं राज्यात किंवा केंद्रात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. हे मला कुठल्या क्लासने शिकवलं नाही. आठवीत असताना बाबांनी स्वयंपाकघरात बसवून पाठ करून घेतलं होतं, आणि मी कंटाळून खिडकीबाहेर बघत होते.

त्या आजीचा कन्नड अर्ज मी भरला, तो आत गेला. पण त्याच दिवशी दुसरा कागदही लिहिला, मराठीत, तिच्या नावाने: मला कन्नड वाचता येत नाही, अर्ज आणि उत्तर मराठीतून मिळावं. आधी तिला दोनदा वाचून दाखवला. मग तिने अंगठा दिला. आलेले कागद नोंदवून घेणारा आवकवाला घ्यायला तयार नव्हता. मी कलम सांगितलं. त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि शिक्का मारला. क्रमांक पडला. पोचपावती आजीकडे आहे. तिला सांगितलंय, जपून ठेव.

हे बाबांना सांगायचं होतं, पण त्याआधीच ते ताटावरून उठले.

आज रात्री सांगणार आहे. ते म्हणतील, एका कागदानं काय होतंय. म्हणतील, तू सरकारची नोकर, उद्या तुलाच नोटीस येईल. येऊ दे. पण या वेळी त्यांना मी ताट सोडू देणार नाही, आणि भिंतीचा विषयही त्याच बसण्यात काढणार आहे.