आज घरी 20 मुलांचं रिट्रीट (प्रार्थना आणि मननाचा दिवस)

बालगृहातली 20 मुलं, वय 10 ते 16, सकाळी 9 ते 5. संस्थेची लेखी परवानगी आधीच हवी, सोबत त्यांचे काळजीवाहक हवेत, आणि प्रार्थनेत बसायचं की नाही हे मुलानंच ठरवायचं.

नाश्त्याला तर्री पोहे. 2 किलो जाड पोहे, दोन घाण्यांत. एकदम भिजवले की गोळा होतो. तर्री वेगळ्या पातेल्यात, कारण लहानग्यांना तिखट झेपत नाही. जेवणाला अडीच किलो तांदूळ, 4 किलो चिकन. वाढणारी मुलं भात तिसऱ्यांदा मागतात, आणि त्यांना मागावं लागू नये असं मनापासून वाटतं.

मनन 20 मिनिटांचंच. बायबलमधला उधळ्या पुत्राचा दाखला (घर सोडून गेलेला मुलगा परत येतो ती गोष्ट) पहिल्या भेटीत नको. वाट पाहणारा बाप ऐकून काही मुलं एकदम गप्प होतात. मार्कच्या शुभवर्तमानाच्या 4थ्या अध्यायातलं, येशू शांत करतो ते वादळ घ्या, भीतीबद्दल मुलं स्वतःहून बोलतात. "घरी कोण कोण असतं?" हे विचारूच नका.

नागपूरच्या उन्हात खेळ 11 च्या आत उरका.

फोटो टाकलेले नाहीत. बाल न्याय कायदा 2015, कलम 74 प्रमाणे या मुलांची ओळख उघड करता येत नाही. पाठमोरे फोटोही नकोत, गणवेशावरून संस्था कळते.