सीतेची आसवं पाहायला कासला जाताना
कासला याआधी तीनदा गेलो, पण तेव्हा फक्त जांभळे गालिचे पाहून परतलो. यंदा सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वनस्पतींच्या एकाच कुळासाठी गेलो: लेंटिब्युलॅरिएसी, म्हणजे आपल्या ‘सीतेची आसवं’ या किडे खाणाऱ्या रानफुलाचं कूळ.

साताऱ्याहून पठार साधारण २५ किलोमीटर. यवतेश्वरचा घाट चढताना दाट धुकं होतं, वर मात्र उघडलं. जांभ्याच्या कातळावर मातीचा जेमतेम थर, त्यावरून पाणी झिरपत होतं. तिथेच गेंदाच्या पांढऱ्या, गोल फुलांमध्ये ही निळी-जांभळी फुलं दाटीनं उभी होती.

गुडघे टेकून भिंग लावलं आणि फूल उलगडत गेलं. पाकळ्या जुळून दोन ओठ झालेले, खालच्या ओठावर फुगीर उंचवटा, मागे मधाची टोकदार शेपटी. पुंकेसर फक्त दोन, निदलं, म्हणजे पाकळ्यांबाहेरची दलं, तीही दोनच. हा उंचवटा, ही शेपटी आणि दोन पुंकेसर एवढं लक्षात ठेवलं तरी कूळ ओळखता येतं.

खरी नवलाई मातीत. या वनस्पतीला मुळंच नाहीत. बारीक धाग्यांवर खसखशीपेक्षाही लहान पिशव्या असतात. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकून पोट आत ओढून धरते; सूक्ष्म जीव दाराशी आला की दार आत उघडतं आणि तो पाण्यासकट ओढला जातो. काही जातींत हे सगळं एका मिलिसेकंदाच्या आत उरकतं! कातळावरच्या मातीत नत्र फार कमी, म्हणून ही सोय. जवळच दवबिंदू नावाचं रोपटंही दिसलं. तेही किडे खातं, पण चिकट थेंबांनी पकडून, आणि त्याचं कूळ निराळं. पिशव्या पाहायला रोप उपटू नका. एके ठिकाणी पाण्यानं माती वाहून धागे उघडे पडले होते, तेवढ्यावर माझं भागलं.

जाणाऱ्यांनी शनिवार-रविवार टाळावा आणि प्रवेशाची नोंदणी आधीच करावी. दहापट मोठं दाखवणारं भिंग हवंच, नाहीतर अर्धी सहल वाया. छत्री वाऱ्यात टिकत नाही. रेनकोट, घट्ट पकडीचे बूट आणि गुडघ्याखाली घ्यायला प्लास्टिकचा तुकडा न्या. पण तो वाटेवरच अंथरा. ओली माती मोकळी दिसली तरी तिच्यात या पिशव्या पसरलेल्या असतात. एका फोटोसाठी चौघं वाटेबाहेर उतरले तेव्हा माझा जीव तुटला. वाटेच्या कडेलाच भरपूर फुलं आहेत, आत जायची गरजच पडत नाही.