सुया मांडण्यात गेलेला दिवस

बुधवार, रात्री साडेदहा

आज पाइनची 11 रोपं मोजून झाली, म्हणजे त्यांच्या सुया उजेडात हवेतला किती कार्बन डायऑक्साइड ओढतात ते. ठरवली होती 16. एका रोपाला पाऊण तास लागतो हे आता चांगलंच माहीत झालंय, तरी रोज सकाळी यादीवर 16 लिहायची खोड काही जात नाही.

वेळ खातात त्या सुया. रुंद पानाच्या झाडाचं बरं असतं; पान यंत्राच्या चेंबरमध्ये सरकवलं, झाकण लावलं, झालं. पाइनच्या सुया मात्र एकीला लागून एक अशा आडव्या मांडाव्या लागतात. एक दुसरीवर चढली की खालची सावलीत जाते आणि आकडा खोटा येतो. मी दोन्ही टोकांना टेपची बारीक पट्टी लावून त्यांची चटई करते. आणि हे सगळं श्वास रोखून. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्षात सव्वाचारशेच्या आसपास भाग, आणि आपल्या उच्छ्वासात सुमारे 40,000. यंत्राला पकडायचा असतो तो मोजक्या काही भागांचा फरक. सातव्या रोपाला मला शिंक आली. पडद्यावरची रेघ सरळ छताला. पुन्हा सगळं स्थिर होईपर्यंत थांबणं आलं.

चार गट आहेत: उघड्यावरची आणि दाट शेडनेटखालची, आणि दोन्हीकडे अर्ध्यांना भरपूर नायट्रोजन, अर्ध्यांना जेमतेम. सुरुवातीला माझ्या डोक्यातला हिशेब सरळ होता. नायट्रोजन चांगला, उजेड चांगला, दोन्ही दिले की दुप्पट चांगलं. सगळ्यात गर्द हिरवी रोपं सगळ्यात जास्त काम करणार, हेही मी गृहीत धरलं होतं. मॅडमना तसं सांगितलंही होतं. त्या म्हणाल्या, "आधी मोज, मग बोलू."

सगळ्यात गर्द निघाली ती सावलीतली, खत दिलेली. आणि उजेड वाढवत नेल्यावर कार्बन डायऑक्साइड ओढण्याच्या वेगाची रेघ लवकर आडवी झाली ती त्यांचीच.

आज चारही गटांचे आलेख एकावर एक ठेवले. मंद उजेडात चारही रेघा जवळजवळ एकाच चढणीने वर जातात. तिथे नायट्रोजनची श्रीमंती फारशी कामाला येत नाही, कारण टंचाई उजेडाची असते. उजेड वाढवत नेला की वाटा फुटतात. उघड्यावरची, खत मिळालेली रोपं चढतच राहतात. बाकीच्यांची दमछाक होते.

कारण नायट्रोजन जातो कुठे यात आहे. हरितद्रव्याच्या एका रेणूत त्याचे 4 अणू असतात. पण खरा खाऊ आहे रुबिस्को, कार्बन डायऑक्साइडला धरून साखरेच्या वाटेला लावणारं विकर. ते इतकं संथ आहे (एका जागी सेकंदाला जेमतेम दोन-चार रेणू) की पानाला त्याचा प्रचंड साठा बाळगावा लागतो, आणि पानातल्या नायट्रोजनचा मोठा हिस्सा त्यातच अडकतो. सावलीतलं रोप मिळालेला नायट्रोजन उजेड पकडण्याकडे वळवतं, म्हणजे हरितद्रव्य आणि त्याला धरून ठेवणारी प्रथिनं. म्हणून ते गर्द दिसतं. उन्हातलं रोप तोच नायट्रोजन रुबिस्कोकडे जास्त वळवतं, आणि ते डोळ्याला दिसत नाही. मी इतके दिवस दुकानाची पाटी बघून आतल्या मालाचा अंदाज बांधत होते.

उघड्यावरच्या उपाशी रोपांची मला खरंच दया येते. पिवळट झालीत, त्यातही जुन्या सुया आधी, कारण रोप त्यांच्यातला नायट्रोजन काढून नव्या शेंड्याला देतं. ऊन भरपूर, पण ते पचवायला यंत्रणा नाही. जास्तीचा उजेड उष्णता करून फेकून द्यावा लागतो, आणि तेही जमलं नाही की प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेलाच इजा होते.

एक गोष्ट मात्र मला अपेक्षित नव्हती. दिवा बंद केल्यावर खतावर पोसलेल्या रोपांची रेघ शून्याच्या सगळ्यात खाली गेली. प्रथिनं जास्त म्हणजे त्यांची डागडुजी जास्त, म्हणजे श्वसन जास्त. दाट सावलीत हा खर्च भरून निघणं कठीण. म्हणजे तिथे खत देऊन मी त्यांचं घरभाडंच वाढवून ठेवलंय.

गुरुवार

आज मोजणी नाही, नुसती भांडणं. स्वतःशीच.

मोजलेला वेग भागायचा कशाने? क्षेत्रफळाने भागलं तर उन्हातल्या सुया कितीतरी पुढे. वजनाने भागलं तर ती आघाडी बरीचशी विरघळते. उन्हातली सुई जाड आणि भरीव असते. ग्रॅममागे नायट्रोजन दोघींत फारसा वेगळा नाही, क्षेत्रफळामागे मात्र खूप. त्यात क्षेत्रफळ तरी कुठलं? या जोडसुया अर्धगोल. सपाट बाजूवर ठेवून स्कॅन केल्यावर दिसते ती नुसती पडछाया, प्रत्यक्ष पृष्ठभाग तिच्या 2.57 पट. जुन्या एका तक्त्यात मी दोन्ही मिसळून ठेवलं होतं. दुपार त्यात गेली.

नायट्रोजनच्या बाबतीतही माझं जुनं पाप आहेच. पहिल्या खेपेला मी सगळा नायट्रोजन नायट्रेटमधून दिला होता. पांढऱ्या स्प्रूसची (पाइनसारखंच सूचिपर्णी झाड) मुळं अमोनियम सहज घेतात आणि नायट्रेटकडे पाठ फिरवतात, हे 1997 सालीच छापून आलेलं. वाचलं असतं तर एक हंगाम वाचला असता. आता दोन्ही देते, आणि मात्रा दर आठवड्याला वाढवत नेते. रोप चक्रवाढीने वाढतं, तर पुरवठाही तसाच वाढायला हवा, नाहीतर तोच डोस आठवडाभरात अपुरा पडतो. ही स्वीडनच्या टॉर्स्टेन इंगेस्टाडची रीत. वेळखाऊ आहे, पण रोपं एकसारखी येतात.

शुक्रवार

खणात डबी सापडली. उगवणक्षमता बघायला ओल्या कागदावर ठेवलेल्या पाइनच्या बिया, काळ्या कापडात गुंडाळून विसरलेल्या. उघडली तर आत काड्यांसारखे लांबलेले कोंब, आणि डोक्यावर बीजदलांचा झुबका. हिरवा! किंचित फिकट, पण हिरवा.

पुस्तकात वाचलं होतं. फुलझाडांना हरितद्रव्याची शेवटची पायरी उजेडाशिवाय ओलांडता येत नाही, म्हणून त्यांचे कोंब अंधारात पिवळे राहतात. बहुतेक सूचिपर्णींकडे अंधारात चालणारं दुसरं विकरही शिल्लक आहे. पण हातात धरून बघणं वेगळं. उजेडाचा कणही न बघितलेला, कार्बनचा एक अणूही न बांधलेला तो झुबका, आणि दिसायला कसा कामसू!

मॅडमना दाखवला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हा तुझ्या टेबलावर ठेव."

ठेवलाय. सुयांची पाकिटं 70 अंशांवर ओव्हनमध्ये आहेत, सोमवारी दळून नायट्रोजन काढायचा. पाकीट क्रमांक 23 वरची शाई पुसली गेलीय, ते उन्हातलं की सावलीतलं हे आता सुईच्या जाडीवरूनच ठरवावं लागणार.