सर्व्हरवरचा ‘नल’ नावाचा फोल्डर

स्काला या प्रोग्रॅमिंग भाषेत सामाईक कोड ठेवायला अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास (इतर क्लासचा पाया असलेला अर्धवट क्लास) घ्यावा की ट्रेट (हव्या त्या क्लासला जोडता येणारा कोडचा तुकडा), हा प्रश्न मला पडलाच नव्हता. तीन रिपोर्टांचा सामाईक कोड मी अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लासमध्ये काढला, फोल्डरचं नाव कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे ऑब्जेक्ट बनवतानाच, घेतलं, आणि काम नीट चालू होतं. स्कालाची आवृत्ती २.१२. कोड रिव्ह्यूत शेरा आला, ‘ट्रेट करा.’ कारण विचारलं तर उत्तर मिळालं, ‘आपल्याकडे ट्रेटच वापरतात.’ त्या उत्तराचा राग अजून गेलेला नाही.

स्काला २ मध्ये ट्रेटला पॅरामीटर देता येत नाहीत. ती सोय स्काला ३ बरोबर २०२१ साली आली. म्हणून मी ट्रेटमध्ये ‘फोल्डर’ हा किंमत न दिलेला व्हॅल (एकदा दिलेली किंमत न बदलणारं नाव) ठेवला, त्याच्याखाली फोल्डरला फाइलचं नाव जोडून ‘पाथ’ हा दुसरा व्हॅल केला आणि फोल्डरची खरी किंमत सबक्लासमध्ये, म्हणजे तो ट्रेट घेणाऱ्या क्लासमध्ये, दिली. कंपायलर गप्प. टेस्ट फक्त रिपोर्टचा मजकूर तपासत होत्या, त्याही पास.

शुक्रवारी संध्याकाळी सर्व्हरवर ‘नल’ नावाचा फोल्डर तयार झाला आणि सगळे रिपोर्ट त्यात जाऊन पडले.

मी आधी कॉन्फिग फाइल तपासली, मग परमिशन, मग डिप्लॉयमेंट. ऑब्जेक्ट तयार झाल्यावर फोल्डर छापून बघितला तर किंमत अगदी बरोबर! शनिवार-रविवार कोथरूडला घरी बसून हेच. आईने दोनदा जेवायला हाक मारली, तिसऱ्यांदा ताट आणून टेबलावर ठेवलं.

रविवारी रात्री कळलं. ऑब्जेक्ट बनताना आधी ट्रेटमधल्या ओळी चालतात, सबक्लासच्या नंतर. पाथ तयार होतो त्या क्षणी फोल्डरला किंमत मिळालेलीच नसते, तिथे नल, म्हणजे ‘काहीच नाही’, असतो. स्ट्रिंगला नल जोडला तर एररही येत नाही, ‘नल’ ही अक्षरंच चिकटतात. एरर आली असती तर दहा मिनिटांत सुटलं असतं. कंपायलरला एक्सचेकइनिट हा फ्लॅग दिला की असा व्हॅल वाचताक्षणी एरर येते. डेव्हलपमेंटमध्ये तो नक्की लावा.

पाथ लेझी व्हॅल (पहिल्यांदा वाचताना किंमत काढणारा) किंवा डेफ (दर वेळी किंमत काढणारी मेथड) केला तरी भागतं. पण मी सोमवारी अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास परत आणला. बनतानाच ज्याला किंमत हवी, त्याला कन्स्ट्रक्टर हवा. ईमेल पाठवणं मात्र ट्रेटमध्येच ठेवलं, कारण ते रिपोर्टलाही लागतं आणि ज्यांचा रिपोर्टशी संबंध नाही अशा क्लासेसनाही. क्लास एकाच क्लासला एक्स्टेंड करू शकतो, ट्रेट हवे तितके जोडता येतात. ‘ट्रेट का नाही?’ हा शेरा पुन्हा आला. मी पाच ओळींचा नमुना कोड आणि त्याचं आउटपुट खाली चिकटवलं. संध्याकाळी मंजुरी आली आणि बाणेर रोडच्या ट्रॅफिकमध्ये त्या दिवशी मला काहीच वाटलं नाही.

हो, एक राहिलं. दोन ट्रेट एकच मेथड ओव्हरराइड करत असतील तर क्रम बघा. सगळ्यात उजवीकडे लिहिलेल्या ट्रेटची मेथड आधी चालते आणि तिच्यातल्या सुपरमधून (आधीच्या मेथडला बोलावणाऱ्या शब्दातून) डावीकडच्या ट्रेटची.