खिशात रीळ असलेले सर

स्मरणिका समितीचं पत्र आलं: शाळेच्या आठवणी, दोन पानं, सोबत पासपोर्ट साइझ फोटो. फोटो त्याच दिवशी पाठवला. पानं मात्र तीनदा लिहून फाडली, कारण प्रार्थनेपासून सुरुवात करा नाहीतर स्नेहसंमेलनापासून, चौथ्या ओळीत विज्ञानाचे सर येऊन उभे राहतात. तेव्हा सरांवरच लिहिते. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये. नाव लिहीत नाही. ‘खिशात दोऱ्याचं रीळ असलेले सर’ म्हटलं की आपल्या वेळच्या कुणालाही कळेल.

जानेवारी २०१२. मी आठवी ‘ब’मध्ये. येवल्यात संक्रांत काय असते हे येवलेकरांना मी काय सांगणार! भोगी, संक्रांत आणि कर, हे तीन दिवस गावात कुणी जमिनीवर सापडत नाही. आमच्या घरचा नियम एकच होता. पतंग भावांनी उडवायचा आणि मी मागे आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, धरायची. ढील म्हटलं की ढील द्यायची, गुंडाळ म्हटलं की गुंडाळायची. करीनंतर शाळा भरली तेव्हा भावांनी टाकून दिलेला एक हिरवा पतंग मी दप्तराआड लपवून आणला. तो वर चढला की गिरक्या घेत खाली यायचा, म्हणून तर माझ्या वाट्याला आला होता. बाकापाशी जागा नव्हती, फळ्यामागे सरकवला. सर प्रयोगवह्या तपासत होते आणि खिडकीतून वारा आला. फळ्यामागून फडफड. वर्ग चिडीचूप.

“कुणाचाय?”

मी उभी राहिले. मुलीचा म्हटल्यावर मुलं हसली. सर हसले नाहीत. “मधल्या सुट्टीत गच्चीवर ये, पतंग घेऊन,” एवढंच. मी डबा उघडलासुद्धा नाही.

गच्चीवर सरांनी कन्नी, म्हणजे पतंगाला वर आणि खाली बांधलेल्या दोऱ्यांची जोडी, चिमटीत धरून पतंग लोंबता सोडला, थोडा वेळ नुसता बघितला. मग माझ्या कंपासमधली पट्टी मागितली. पट्टी दोनदा लावून मोजलं. वरचा दोरा २४ सेंटिमीटर, खालचा २१. “वरचा लांब आहे. म्हणून हा वाऱ्यापुढे छाती काढून उभा राहतो आणि उलटतो. भांडखोर नाहीये तो, कन्नी चुकलीय.” नखाने गाठ सोडवली, वरचा दोरा खालच्यापेक्षा बोटभर आखूड केला, पुन्हा गाठ मारली. खिशातून रीळ काढलं, टोक पतंगाला बांधलं आणि दोरा माझ्या हातात दिला. स्वतः रीळ धरून माझ्या मागे उभे राहिले. घंटा झाली तरी पतंग वरच होता.

शिक्षा झाली ती वेगळीच. वहीत तीन रकाने आखायचे: काय झालं, का झालं, काय बदललं. पंचवीस वेळा पतंग उडवायचा आणि दर वेळी लिहायचं. मी सतरापर्यंत पोचले. अठराव्या वेळी शेजारच्या गच्चीवरच्याने काटला.

पुढचं थोडक्यात सांगते. दहावीनंतर नाशिकला मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग डिग्री. शेवटच्या वर्षी चौघांनी मिळून चार मोटरींचा ड्रोन बांधला. पहिल्याच दिवशी तो जमिनीवरून सुटला न सुटला तोच पाठीवर पालथा. कुणी सॉफ्टवेअरला शिव्या दिल्या, कुणी बाजारातल्या स्वस्त बोर्डाला. मी वही काढून तीन रकाने आखले. ड्रोनच्या दोन मोटरी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात आणि दोन उलट, म्हणजे एकीचा पीळ दुसरी मारते. पंखेही त्याच जोड्यांनी लावायचे असतात. आम्ही दोन पंखे अदलाबदल करून बसवले होते. ते हवा खाली ढकलायच्या ऐवजी वर ढकलत होते. पाच मिनिटांचं काम निघालं.

ऑगस्ट २०२१ मध्ये ड्रोनचे नवे नियम आले आणि पूर्वीचा फॉर्मांचा गठ्ठा बराच उतरला. मी रीतसर प्रशिक्षण घेऊन रिमोट पायलटचं प्रमाणपत्र मिळवलं. आता एम.टेक.ला फवारणीच्या ड्रोनवर काम करते. दहा लिटरची टाकी भरलेली असते तेव्हा ड्रोन शहाण्यासारखा उडतो. अर्धी झाली की ओळीच्या टोकाला वळताना आतलं औषध हिंदकळतं, भार एका अंगाला जातो आणि ड्रोन डुलायला लागतो. आजी डोक्यावरच्या हंड्यात कडुलिंबाची डहाळी टाकायची, पाणी डचमळू नये म्हणून. मी टाकीत आडव्या जाळीदार पट्ट्या टाकून बघते. दोन वर्षं हेच चाललंय, आणि माझ्या गाईडना अजून डहाळीचं सांगितलेलं नाही.

मागच्या वर्षी शाळेत येऊन गेले. गच्चीच्या दाराला कुलूप आहे. कारण कळतं मला, पोरं पडतात. आणि बंदी असून नायलॉन मांजा विकला जातो तो वेगळाच. पण कार्यानुभवाच्या तासाला आता सराव परीक्षा असते, ते नाही पटलं. प्रयोगशाळेत ड्रोनचं तयार किट आलंय. त्यात पंखा चुकीच्या मोटरीवर बसतच नाही, अशी खाच केलेली आहे. चांगलं आहे म्हणतात. म्हणोत.

तिथून सरांकडे गेले, माझा छोटा ड्रोन घेऊन. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आठच दिवस झाले होते, म्हणून त्यांनी तो बोटांनी चाचपला. मोटरी मोजल्या, एक पंखा फिरवून बघितला.

“ह्याची कन्नी कुठंय गं?”

मी मधल्या बोर्डावर त्यांचं बोट ठेवलं. सांगितलं, सर, हा किती कलला ते हा बोर्ड सेकंदाला ४०० वेळा तपासतो आणि मोटरींचा वेग कमीजास्त करतो.

“चारशे वेळा! मग तुझा तो फवारणीवाला डुलतो कसा?”

मी टाकीचं सांगायला लागले. पट्ट्या कुठे टाकल्या, किती उंचीवर टाकल्या, वळताना काय झालं. सरांनी मधेच हात वर करून थांबवलं.

“असं तोंडी नको. वही आणलीस का?”

आणली नव्हती.