२१ अंशांचा बांगडा

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. पेडणे तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात मासळी महोत्सव होता आणि स्टॉल तपासायची ड्युटी माझ्याकडे होती. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणून या दिवसांत गोव्यात सगळ्यांची एकच घाई. बंदीआधी ताजं मासळीचं जेवण पोटभर जेवायचं आणि पुरुमेताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, खारंही भरून ठेवायचं.

संध्याकाळी साडेपाचला पोचले तेव्हा तवे तापले होते. रव्यात घोळलेल्या मुडदुशा तेलात पडत होत्या, कुठे तिरफळं घातलेलं हुमण रटरटत होतं. माझं ओळखपत्र दिसलं की लोक हमखास विचारायचे, "मॅडम, फॉर्मेलिन नाही ना?" मासळी टिकवायला हे रसायन वापरतात म्हणून २०१८च्या जुलैत जो गोंधळ झाला, तेव्हापासून हा प्रश्न काही सुटलेला नाही. विचारावाच. पण बर्फ किती आहे, हे त्या दिवशी एकानेही विचारलं नाही.

कोपऱ्यातल्या स्टॉलवर साठीच्या एक मावशी होत्या. मागे बांगड्याचे दोन क्रेट. वरच्या थरावर बर्फाचा चुरा होता, खाली नुसतं कोमट पाणी. आयोजकांनी सांगितलेली बर्फाची गाडी दुपारी यायची ती आलीच नव्हती. तळातल्या बांगड्यात थर्मामीटर खुपसला आणि काटा २१वर थांबला. पाचच्या खाली हवा होता.

"नाकाक इचार गो बाय, वास येता काय?" मावशी म्हणाल्या.

वास खरंच येत नव्हता. डोळेही चकचकीत होते, कल्ले लाल. अडचण तिथेच आहे. बांगडा, तारले, कुपा हे मासे उबेत राहिले की जिवाणू त्यांच्यात हिस्टामिन तयार करतात. ते नाकाला कळत नाही आणि तळून, उकळून जातही नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर पित्त उठतं. लोक म्हणतात मासळीची ॲलर्जी झाली, आणि पुढच्या वेळी बिचाऱ्या माशालाच टाळतात.

दोन्ही क्रेट बाद करावे लागले. फिनाईल ओतताना मावशी माझ्याकडे बघत नव्हत्या, पदराने हात पुसत होत्या, कोरडेच. पहाटे दोनला उठून जेटीवर जाऊन आणलेला माल होता तो. चूक त्यांची नव्हती, आणि ते मी अहवालात ठळक लिहिलं. आयोजकांना बोलावून तिथेच सांगितलं: जेवढी मासळी तेवढाच बर्फ, एक थर मासळी, एक थर चुरा, आणि वितळलेलं पाणी वाहून जायला क्रेटच्या तळाला भोकं. रात्री आठला गाडी आली तेव्हा मी उभी राहून तो थर लावून घेतला.

तोवर मावशींनी टेबलाखालची पिशवी काढली होती. पुरुमेतासाठी विकायला आणलेला सुका जवळा त्यांनी तव्यावर खरपूस भाजला, ओलं खोबरं, कांदा, मिरची आणि आमसुलाचं पाणी घालून हाताने कुस्करला. किस्मूर! अर्ध्या तासात स्टॉलपुढे रांग लागली.

दहाला निघताना त्यांनी मला हाक मारली. केळीच्या पानाच्या तुकड्यावर भात, वर किस्मूर.

"ह्येका मोजूक नको मगे?" त्यांनी विचारलं.

ड्युटीवर मी कुठल्याच स्टॉलवरचं खात नाही. त्या रात्री गाडीत बसून पान पुसून खाल्लं.