आमची वाटचाल: वजनावर गेलेले खिळे आणि तोक्योचे तीन ठिपके

बाबांनी 1974 साली नारायण पेठेत ट्रेडल मशीन टाकलं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, एखादा दिवाळी अंक. 1999मध्ये सगळे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, वजनावर विकले. टेम्पो गेला आणि बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. पुढे संगणकावर अक्षरजुळणी आली, मग जुन्या छापील पानांचे स्कॅन साफ करून देणं. आज आम्ही पाच जण यावरच पोट भरतो.

मधे एका अभ्यासकाने ‘यापोन मुहबिरी’ या मासिकाची पानं पाठवली. नावाचा अर्थ ‘जपान वार्ताहर’. रशियन क्रांतीनंतर परागंदा झालेले तातार, म्हणजे रशियातले तुर्की वंशाचे मुसलमान, मांचुरियामार्गे जपानात पोचले, त्यांचं हे 1930च्या दशकातलं मासिक. पाठीवर कापडाचे गठ्ठे घेऊन दारोदार विकणारी मूठभर माणसं. पण तोक्योत त्यांची मशीद 1938 साली उभी राहिली. छापखाना त्याच्या कितीतरी आधीचा! त्यांचे पुढारी मुहम्मद अब्दुलहय कुर्बानअली यांनी तो काढला आणि अरबी खिळे मागवले तुर्कस्तानातून. तिथे 1928 साली लिपी बदलली होती, खिळे अडगळीत गेले होते. सोव्हिएत तातारांचीही अरबी लिपी त्याच सुमारास गेली. आधी लॅटिन आली, मग सिरिलिक. तोक्योत मात्र त्याच लिपीत मासिक निघत राहिलं, 1934 साली कुराणही छापलं गेलं. तिकडे मांचुरियातल्या मुकदेन शहरात तातारांचंच ‘मिल्ली बायराक’ साप्ताहिक 1935 ते 1945 चाललं.

हे मी बाबांना सांगितलं. बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, “म्हणजे तिथे कुणीतरी वेळेवर पोचलं.”

पहिल्या खेपेला आमच्याकडून चूक झाली. डाग काढणाऱ्या सॉफ्टवेअरने त्या लिपीतल्या ‘प’खालचे तीन ठिपके धूळ समजून पुसले. मासिकाच्या नावातच ‘प’ आहे, यापोन. ठिपके गेले की उरतो दातासारखा नुसता एक उंचवटा, तो ब, त, न कशाचाही असू शकतो. चाळीस पानं आम्ही पुन्हा केली, पैसे न घेता.

आता अशी पानं बाबांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. वय 81, अरबी अक्षरही येत नाही. मूळ आणि आमची प्रत शेजारी ठेवतात, भिंग धरतात आणि ओळीमागून ओळ पेन्सिलीने ठिपके मोजतात.